कोयनेच्या काठी : पहिली फळी की पहिला बिंडा?

वाचकहो, कोयनेचे नाव निघाले की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक वीज आणि दुसरी ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. त्या दिवशी भूकंपाने कोयनानगरची घरे बसली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. आज मात्र मी तुमच्याशी बोलणार आहे तो विजेबद्दल नाही आणि भूकंपाबद्दलही नाही. बोलायचे आहे ते पाण्याबद्दल. आपल्या पोराबाळांना पाण्यात पहिल्यांदा उतरवताना त्यांच्या पाठीला काय बांधायचे, एवढाच साधा विषय आहे. साधा म्हणतो खरा, पण त्यात जीव जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या मे महिन्यात चार दिवसांची रजा काढून थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. कराडहून चिपळूणची एस. टी. धरली. कराडला कोयना कृष्णेला मिळते, तो प्रीतिसंगम आपण सर्वांनी पाहिलेला असतो. तेथून गाडी नदीच्या अंगाअंगाने वर चढू लागते. पाटणपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, भुईमूग आणि नांगरून टाकलेली भाताची खाचरे. पाटण सोडले की डोंगर जवळ येतात, शेते अरुंद होतात आणि गाडीत गार वारा शिरतो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दोन डोंगररांगांमधून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. त्या वळणाच्या वरच्या अंगाला धरण आणि कोयनानगर. बहिणीचे गाव तेथून थोडे अलीकडे आहे.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. दाजी गोठ्यातली कामे उरकून आले. तेवढ्यात कॉलेजात शिकणारा भाचा हातात मोबाइल घेऊन शेजारी बसला.

"मामा, तुम्ही शिकलेले. मला एक फळी घ्यायची आहे. कोणती घेऊ, सांगा."

मला वाटले नांगराची नाहीतर कुळवाची म्हणतो आहे. त्याने मोबाइलवर चित्र दाखवले. समुद्राची लाट उसळलेली आणि तिच्यावर एका लांबट फळीवर उभा राहून एक पोरगा घसरत येतो आहे. भाचा मित्रांबरोबर गोव्याला हरमलच्या किनाऱ्यावर जाऊन आला होता. तेथे ही फळी भाड्याने मिळते आणि शिकवणारेही आहेत. दिवाळीपासून त्याने पैसे साठवले होते आणि आता त्याला स्वतःची फळी हवी होती.

"ही काय उसाच्या पैशाची उधळपट्टी!" दाजी म्हणाले.

मी भाच्याला एवढेच विचारले, "पोहायला येतं का रे तुला?"

तो खाली बघून म्हणाला, "थोडं थोडं."

धरणापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेला, वीस वर्षांचा मुलगा, आणि पोहणे थोडे थोडे! अक्का आतून म्हणाली, "दादा, आता विहिरीवर कोण जातंय? पोरं मोबाइलातच पोहत्यात." सगळे हसले. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

शिवसागराच्या काठी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, भाचा आणि आठवीतली भाची असे तिघे कोयनानगरला गेलो. नेहरू उद्यानाच्या बाजूने धरण नजरेत भरते. १०३ मीटर उंच म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनारापेक्षाही उंच अशी ही भिंत आहे. तिच्यामागे सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. शिवसागर जलाशय डोंगरांच्या कुशीतून पार तापोळ्यापर्यंत पसरला आहे. त्यातले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला जाते, वीज करते आणि वाशिष्ठी नदीला मिळते. काही पाणी पायथा वीजगृहातून कोयनेत उतरते आणि आपल्या उसाला पोचते. या पाण्याखाली जुनी गावे आहेत. तिथली माणसे उठून सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणात जिकडे तिकडे वसली. ज्यांचे आजे नदी चालत ओलांडत, त्यांची नातवंडे आज बामणोली-तापोळ्याला लाँचमधून जातात. गाड्यासुद्धा तराफ्यावरून पलीकडे नेतात.

भाच्याला म्हटले, "बघ, एवढे पाणी आहे, पण लाट आहे का? तुझी फळी इथे चालायची नाही. तिला समुद्राची लाट लागते."

आणखी एक गोष्ट त्याला बजावली, तीच तुम्हालाही सांगतो. धरणाच्या भिंतीजवळ पाण्यात उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तेथे काठ एकदम खोल जातो. धरणाखालच्या नदीतही गुडघाभर पाणी दिसते म्हणून फसू नका. वरून विसर्ग वाढला की थोड्याच वेळात पाणी चढते. भोंगा वाजला की गुरे आणि माणसे दोन्ही काठावर घ्या. खाली सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, हे तर तिकडच्या वाचकांना माहीतच आहे. म्हणून शिकण्याची जागा म्हणजे पायऱ्या असलेली, ओळखीची विहीर. धरण नव्हे आणि वाहती नदीही नव्हे.

राजाची फळी आणि आपला पांगिरा

परतीच्या वाटेवर एका बांधाला पांगिऱ्याचे झाड दिसले. माघ-फाल्गुनात लालभडक फुलणारा, अंगावर काटे असलेला हा पांगिरा. कुंपणाला आणि पानमळ्यात वेल चढवायला आपण तो लावतो. सरपण म्हणून त्याला कोणी विचारत नाही, कारण लाकूड अगदी हलके. मी गाडी थांबवली आणि भाच्याला म्हटले, "ही बघ तुझी फळी."

त्याला वाटले मामा चेष्टा करतो. पण हे खरे आहे. लाटेवर स्वार होण्याचा हा खेळ प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर फार जुन्या काळापासून आहे. तिथल्या राजघराण्यातल्या माणसांच्या लांबच लांब फळ्या ज्या झाडाच्या लाकडाच्या करीत, त्याचे नाव विलीविली. वनस्पतिशास्त्रात विलीविली आणि आपला पांगिरा हे एकाच एरिथ्रिना कुळीतले, म्हणजे चुलतभाऊच म्हणा. तिथेही त्याचा गुण तोच, हलकेपणा. पुढे बाल्सा नावाच्या त्याहून हलक्या लाकडाच्या फळ्या निघाल्या आणि १९५० नंतरच्या दशकाअखेर कृत्रिम फेसाच्या फळ्या आल्या. आज मिळते ती फळी म्हणजे आतून थर्माकोलच्या जातीचा फेस आणि वरून कठीण किंवा मऊ कवच.

या खेळाला जगभर नाव मिळवून दिले ते हवाईच्या ड्यूक कहानामोकू यांनी. हे गृहस्थ फळीवर उभे राहण्यात पटाईत होतेच, पण १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनीच जिंकले होते. टोकियोला २०२१ मध्ये भरलेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा घेतला गेला. भाच्याला म्हटले, "लाटेवर उभा राहणारा माणूस आधी पोहणारा असतो. फळी हातातून सुटली की मग काय करशील?"

तरी त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे होते, म्हणून मला समजते ते सांगितले. नव्या माणसाने पहिली फळी लांब, रुंद आणि जाड घ्यावी. आठ-नऊ फूट लांब, बावीस-तेवीस इंच रुंद, तीन इंच जाड आणि वरून मऊ फेसाची, म्हणजे डोक्याला लागली तरी खोक पडणार नाही. पटाईत लोक वापरतात ती आखूड, टोकदार फळी दिसते छान आणि वळतेही झटकन, पण नवख्याला ती पाण्यावर उभे राहूच देत नाही. आपण नवख्या पोराला औताला कोणता बैल देतो? खोंड देत नाही, म्हातारा, वाट माहीत असलेला बैल देतो. पोर चुकले तरी बैल चुकत नाही. पहिली फळी तशी असावी. फळीला पायाशी बांधायची दोरी असते, ती कधी सोडू नये. आणि शेवटचे म्हणजे पहिले काही महिने विकत घेऊच नये. शिकवणाऱ्याकडून भाड्याने घ्यावी. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राकडे तर फिरकूही नये.

भाचा म्हणाला, "मामा, मग आधी पोहायला शिकू?"

"आधी बिंडा," मी म्हणालो, "मग फळी."

पाठीला काय बांधावे?

मंडळी, आता आपल्या कामाचे बोलू. हिशेब सोपा आहे. एक लिटर जागा अडवणारी हलकी वस्तू पाण्यात दाबली, तर पाणी तिला एक किलो जोराने वर ढकलते. त्यातून वस्तूचे स्वतःचे वजन वजा करा. राहील तो तिचा उचल. माणसाचे अंग पाण्यात बरेचसे तरंगते, भार असतो तो मुख्यतः डोक्याचा. दहा-बारा वर्षांच्या पोराला चार-साडेचार किलोचा उचल पुरतो. जास्त उचल म्हणजे जास्त सुरक्षित, असे नाही. पाठीला फार मोठे काही बांधले तर पाठ वर येते आणि तोंड पाण्यात जाते.

पांगिऱ्याचा बिंडा : आमच्या लहानपणी हाच होता. वाळलेले पांगिऱ्याचे लाकूड पाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकेच वजनाचे असते. सहा लिटर जागा अडवणारा बिंडा दीड-दोन किलो भरतो आणि चार किलोच्या वर उचलतो. तो फुटत नाही, गळत नाही. पण लाकूड पुरते वाळलेले हवे. साल आणि काटे काढून दोन महिने सावलीत वाळवा. किडा लागलेला किंवा मऊ पडलेला बिंडा टाकून द्या. कडा तासून गोल करा, नाहीतर पाठ सोलते.

सुका भोपळा : पूर्वी नदीकाठी भोपळ्यांची सांगड बांधून माणसे पलीकडे जात. वेलावर पूर्ण पिकलेला, कठीण सालीचा भोपळा वाळवला की फार हलका होतो. दोन भोपळे जाळीत किंवा फडक्यात बांधून काखेखाली येतील असे घ्यावेत. दोष एकच. विहिरीच्या दगडावर आपटला की तडकतो, आणि उंदराने पाडलेले भोक दिसत नाही. दर वेळी पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहा.

डबा किंवा कॅन : आज घरोघर असतो तो पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिक कॅन. बूच घट्ट असेल तर पहिला बिंडा म्हणून हा मला सर्वांत पसंत आहे. कारण त्याचा उचल कमी करता येतो. पहिल्या आठवड्यात रिकामा बांधा. पोर हातपाय मारू लागले की आत एक लिटर पाणी भरा, पुढच्या आठवड्यात दोन. पोराला कळतही नाही आणि कॅनचा आधार सुटत जातो. मात्र औषध फवारणीचा कॅन कधीही घेऊ नका, कितीही धुतला असला तरी. पत्र्याच्या डब्याच्या कडा कापतात आणि सांधे गंजून गळतात. पंधरा किलोचा तेलाचा डबा तर लहान पोराला पालथाच पाडतो.

ट्यूब : पोरांना सर्वांत आवडते ती हीच आणि मला सर्वांत भीती वाटते तीही हिचीच. हात वर केले की पोर मधल्या भोकातून खाली सरकते. काटा लागला की हवा जाते आणि पोर खोल पाण्यात असते. पोहता येणाऱ्याने ट्यूबवर खुशाल खेळावे, शिकणाऱ्याने नव्हे. बाजारात मिळणाऱ्या, फुगवून दंडात घालायच्या रंगीत पट्ट्यांनाही खेळणेच समजा.

लाइफ जॅकेट : हे शिकण्यासाठी नव्हे, बोटीसाठी आहे. बिंडा किंवा कॅन पाठीला असतो, त्यामुळे माणूस बेशुद्ध झाला तर तोंड पाण्यातच राहते. जॅकेटचा फेस छातीला आणि मानेला असतो, म्हणून ते तोंड वर ठेवायला मदत करते. लाँचमध्ये बसताना ते मागून घ्या आणि अंगात घालून बंद आवळा. बुडाखाली घेऊन बसू नका. पोराला बसते का ते पाहायचे असेल तर जॅकेट घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढा. ते हनुवटीवर, कानाशी आले तर मोठे आहे, लहान मागा. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसांनी भरलेली बोट उलटली आणि किती घरांवर दुःख कोसळले, ते आपण विसरलेलो नाही.

आणि या सर्वांबरोबर दोरी. कमरेला कासरा, गाठ पाठीवर, पण फासगाठ नको. दोरीचे दुसरे टोक पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. बिंडा कितीही चांगला असला तरी काठावरच्या माणसाची जागा तो घेऊ शकत नाही.

मला झोप का लागली नाही

आता ते कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या भागातल्या एका गावात मी शेततळ्याचा आग्रह धरला होता. शेतकरी कष्टाळू. तळे झाले, आत प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी साठले, डाळिंब जगले. मी तळे तपासायला गेलो तेव्हा लांबी, रुंदी, खोली, उतार आणि कागदाची जाडी सगळे मोजले. कुंपण पुढच्या हंगामात करतो, असे शेतकरी म्हणाला आणि मी मान डोलावली.

त्या उन्हाळ्यात त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा हात धुवायला वाकला आणि घसरला. चुलता धावत आला आणि त्याने उडी घेतली. तो चांगला पोहणारा होता. पण त्या गुळगुळीत, शेवाळलेल्या कागदावरून त्याला वर येता येईना. पाय ठेवला की घसरे, धरायला काही नाही. गावकऱ्यांनी दोर टाकला म्हणून तो वाचला. पोरगा वाचला नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या माउलीने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. चहा करून दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. पाण्यापायी शेत जगले, हे मी लोकांना सांगत होतो. त्याच पाण्यातून बाहेर कसे यायचे, हे मात्र मी कोणालाच सांगितले नव्हते. दहा रुपये मीटरच्या दोरीची ती गोष्ट होती.

तेव्हापासून ज्या ज्या शेततळ्यावर जातो, तेथे आधी हेच बोलतो. चारी बाजूंना काठावर पक्की मेख ठोका आणि हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर थेट पाण्यात सोडा. एका बाजूला जुन्या टायरची किंवा बांबूची शिडी बांधा. काठावर एक लांब बांबू आणि बूच लावलेला, दोरी बांधलेला रिकामा कॅन कायम ठेवा. कुंपण पुढच्या हंगामावर ढकलू नका.

कोणी बुडताना दिसले तर लगेच उडी घेऊ नका. बांबू पुढे करा, कासरा फेका, कॅन टाका. काहीच नसेल तर धोतर, साडी किंवा पटका टाका. बाहेर काढल्यावर पालथे घालून पोटातले पाणी काढत बसू नका, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मध्यावर जोराने दाब द्या. तीस दाब, दोन श्वास, असे न थांबता चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ नंबर लावायला सांगा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

विहिरीवर

राहिलेले दोन दिवस आम्ही दाजींच्या विहिरीवर घालवले. पाणी मे महिन्याचे, खाली गेलेले, पण पायऱ्या होत्या. अक्काने माळ्यावरून पांगिऱ्याचा बिंडा काढला. तो दाजींच्या वडिलांचा, धुराने काळा पडलेला. तपासला तर आतून पोखरला होता. दाजींना वाईट वाटले, पण तो टाकूनच दिला. भाच्याचे अंग थोराड, म्हणून त्याच्या पाठीला पाच लिटरचे दोन कॅन बांधले. कासरा दाजींनी धरला.

पहिल्या दिवशी पायरीवर बसून फक्त तोंड पाण्यात घालायचे आणि पाण्यात श्वास सोडायचा, एवढेच केले. मग पायरी धरून पाय मारणे. दुसऱ्या दिवशी भाचा कॅनच्या जोरावर विहिरीची एक फेरी मारून आला. भाची काठावर बसून बघत होती. म्हणाली, "मामा, मी?"

अक्का म्हणाली, "मुलीच्या जातीला कशाला?"

दाजी कासरा गोळा करीत म्हणाले, "अगं, नदीवर धुणं घेऊन कोण जातं? तिलाच आधी यायला पाहिजे." अक्काने मग भावाची जुनी चड्डी आणि सदरा काढून दिला. साडी किंवा ओढणी घालून पाण्यात उतरू नये, ती पायात अडकते.

मी निघालो तेव्हा भाची पायरी धरून पाय मारीत होती. भाच्याने साठवलेले पैसे तसेच ठेवले आहेत. परवा त्याचा फोन आला होता. एक कॅन सोडला आहे आणि दुसऱ्यात दोन लिटर पाणी भरले आहे. फळीचे त्याने काही विचारले नाही, मीही काढले नाही. कॅनशिवाय विहिरीच्या दहा फेऱ्या न थांबता मारल्या, की त्याला हरमलला मीच घेऊन जाणार आहे.

वाचकहो, तुमच्या शेतात शेततळे असेल तर एवढे करा. हा अंक खाली ठेवलात की तळ्यावर जा आणि दोर आहे का ते बघा. नसेल तर आजच दिवस मावळायच्या आत बांधा.